पहिल्याच वेळी बिनचूक व्हिसा अर्ज: विदर्भातील गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज ही येथील रोजची कामे. परंतु गेल्या काही वर्षांत लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आया, इंग्लंडमध्ये शिकायला जाणारी मुले आणि आखातात कामाला निघालेले तरुण व्हिसाचे कागद घेऊन याच टेबलापाशी बसू लागले आहेत. त्यांचे प्रश्न फार वेगवेगळे नसतात, म्हणून ते उत्तरांसह येथे लिहून ठेवत आहे. शुल्क आणि नियम बदलत असल्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी संबंधित देशाचे अधिकृत संकेतस्थळ अवश्य पाहावे.

व्हिसा अधिकारी अर्जात नेमके काय पाहतो?

अर्जदार कोण आहे, कशासाठी जात आहे, खर्च कोण करणार आणि काम झाल्यावर तो परत येणार का, या चार गोष्टी तो पाहतो. अमेरिकेच्या कायद्यात तर, कलम २१४ (बी) नुसार, पर्यटक म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक जण तेथे कायमचे राहण्यासाठीच येत आहे असे आधी गृहीत धरलेले असते आणि तसे नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकलेली असते.

गावात आपली ओळख कोणाला सांगावी लागत नाही. धुऱ्याला धुरा लागून शेत असलेल्या शेजाऱ्याला आपली जमीन किती, कर्ज किती, मुले कोठे आहेत हे सारे ठाऊक असते. व्हिसा अधिकाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासमोर केवळ अर्ज, काही कागद आणि फार तर दोन-तीन मिनिटांचे बोलणे असते. म्हणून आपण जे आहोत तेच प्रत्येक कागदावर, त्याच नावाने आणि त्याच आकड्यांनी दिसले पाहिजे. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक नकार पैसा कमी होता म्हणून मिळालेले नाहीत. एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळत नव्हता म्हणून मिळालेले आहेत.

पासपोर्टवर नाव एक आणि आधार किंवा सातबाऱ्यावर दुसरे असेल तर काय करावे?

व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नाव ज्या अक्षरांनी आलेले आहे त्याच अक्षरांनी ते अर्जात, विम्यात आणि तिकिटावर यावे. वानखडे आणि वानखेडे यांत रोमन लिपीत एकाच अक्षराचा फरक पडतो. ठाकरे हे आडनावही कोणी एक अक्षर वाढवून लिहितो, कोणी गाळून. गावात या फरकाकडे कोणी लक्ष देत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे असतात.

आपल्याकडे पासपोर्टच्या पहिल्या नावाच्या रकान्यात बरेचदा स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र छापलेले असते. तसे असल्यास अर्जातही ते एकत्रच लिहावे. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून गाळू नये. काही वयस्क स्त्रियांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. अमेरिकेच्या अर्जात अशा वेळी ते एकमेव नाव आडनावाच्या जागी लिहून पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिले नाव अज्ञात या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) ही तीन अक्षरे लिहावी लागतात. माझा सल्ला मात्र असा की वेळ हाताशी असल्यास आधी पासपोर्टच आडनावासह पुन्हा काढून घ्यावा.

लग्नानंतर बदललेल्या नावाचा प्रश्न सर्वाधिक येतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि सातबाऱ्यावर ‘अमक्याची पत्नी’ अशी नोंद. यात लपवण्यासारखे काही नाही. अर्जात ‘पूर्वी वापरलेली नावे’ असा रकाना असतो, तेथे माहेरचे नाव लिहावे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी. लग्न नोंदवलेलेच नसेल तर ते काम ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत आधी उरकावे. नाव खरोखरच बदलून घेतलेले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीचे पान सोबत ठेवावे.

खरी जन्मतारीख वेगळी आहे आणि शाळेत मास्तरांनी १ जुलै लिहिली आहे. कोणती लिहावी?

पासपोर्टवर असलेली लिहावी. मागच्या पिढीतील पुष्कळ लोकांची तारीख शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकलेली आहे, परंतु आज कायद्याच्या दृष्टीने ती त्यांची जन्मतारीख आहे. अर्ज भरताना ‘आता खरी लिहून टाकू’ असे करू नये. आधार आणि पासपोर्ट यांच्या तारखांत फरक असेल तर तो अर्जापूर्वी दुरुस्त करावा, आणि ती दुरुस्ती नीट विचार करून करावी, कारण आधारमधील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

शेतीचे उत्पन्न कसे दाखवावे? पगारपत्रक नाही आणि आयकर विवरणपत्रही भरलेले नाही.

या प्रश्नाचे उत्तर मी नेहमीच सविस्तर देतो, कारण शेतकऱ्याचा अर्ज येथेच मार खातो. भारतात शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, त्यामुळे केवळ शेती करणाऱ्याकडे विवरणपत्र नसणे हे गैर नाही. पण परदेशी अधिकाऱ्याला ते आपोआप कळणार नाही. सोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहावे की माझे उत्पन्न शेतीचे आहे, ते भारतीय कायद्यानुसार करमुक्त आहे आणि म्हणून विवरणपत्र भरलेले नाही.

त्यानंतर जमीन. सातबारा हा आपल्यासाठी सर्वांत भक्कम कागद, परंतु तो वाचायचा कसा हे आपल्यालाच सांगावे लागते. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, शंभर आरचा एक हेक्टर आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. १.६२ हेक्टर असे लिहिलेले असेल तर भाषांतराखाली ‘सुमारे चार एकर’ असे नमूद करावे. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा आणि सोबत आठ-अ चा उतारा जोडावा, म्हणजे एका खातेदाराची सगळी जमीन एका पानावर दिसते.

आता अडचणीचा भाग. वडील वारून दहा वर्षे झाली, शेती आपणच करतो, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. व्हिसासाठी ती जमीन आपली म्हणून दाखवता येत नाही. वारसाची नोंद करून फेरफार मंजूर होईपर्यंत वेळ लागतो, म्हणून परदेशी जाण्याचा विचार मनात आला की सर्वप्रथम तलाठ्याकडे जावे, पासपोर्टच्या अर्जाच्याही आधी.

जमिनीनंतर विक्री. कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाला, दिला असेल तर पैसे थेट खात्यात येतात आणि ती नोंद सर्वांत चांगली. बाजार समितीत सोयाबीन किंवा तूर विकल्यावर अडत्याकडून मिळणारी हिशोबपट्टी जपून ठेवावी. बहुतेक जण ती खिशात घडी करून ठेवतात आणि कपडे धुताना तिचा लगदा होतो. वरुड-मोर्शीकडील संत्रा बागायतदार बहुधा झाडावरचा माल व्यापाऱ्याला ठोक देतात, थोडा बयाणा घेतात आणि उरलेले पैसे तोडीच्या वेळी रोख घेतात. अशा व्यवहाराचा लेखी करार करून घ्यावा आणि रक्कम बँकेतूनच घ्यावी. रोखीचा पैसा कितीही खरा असला तरी कागदावर तो उमटत नाही.

आणखी एका ठिकाणी सावध राहावे. घरातल्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयातून फार कमी उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो आणि त्याच वर्षी व्हिसाच्या अर्जात आठ लाखांचे उत्पन्न लिहिले जाते. एकाच घराचे हे दोन आकडे एकाच पाकिटात गेले तर दोन्ही खोटे ठरतात. उत्पन्न एकच असते. ते जेथे लिहायचे तेथे तेवढेच लिहावे.

बँकेत किती रक्कम असावी? नातेवाइकांकडून काही दिवसांसाठी घेऊन जमा केली तर चालेल का?

चालत नाही. पर्यटनाच्या व्हिसासाठी सर्व देशांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रवासाचा खर्च आपल्या नेहमीच्या उत्पन्नाच्या मानाने पटण्याजोगा असला पाहिजे. सहा महिने खात्यात सात-आठ हजार रुपये आणि अर्जाच्या चार दिवस आधी एकदम चार लाख, असे विवरण पाहिल्यावर अधिकाऱ्याला दुसरे काही पाहावे लागत नाही.

शेतकऱ्याच्या खात्यात मोठी रक्कम एकदम येतेच, ही गोष्ट मात्र वेगळी आहे. दिवाळीनंतर कापूस विकला की खाते भरते आणि मृगाच्या पेरणीला बी-बियाण्यात रिकामे होते. हे चक्र समजावे म्हणून सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचे विवरण जोडावे आणि प्रत्येक मोठ्या जमेसमोर पेन्सिलीने एक क्रमांक घालून तोच क्रमांक संबंधित हिशोबपट्टीवर घालावा. हे मी कित्येकांचे टेबलावर बसून केले आहे. अर्ध्या तासाचे काम आहे.

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला नियम अधिक कडक आहे. निधी दाखवावा लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवसही ती कमी झालेली चालत नाही, आणि विवरणाची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापूर्वी ३१ दिवसांच्या आत असावी लागते. एकोणतिसाव्या दिवसापर्यंत त्या खात्याला हात लावू नये. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी शासकीय मदत मंजूर असेल तर ते मंजुरीपत्रही खर्चाचा पुरावा असते. त्यावर रक्कम आणि कालावधी स्पष्ट आहे ना, हे पाहून घ्यावे.

मराठी कागदांचे भाषांतर कोणाकडून करावे?

जन्माचा दाखला साधारणपणे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. सातबारा, आठ-अ, हिशोबपट्टी यांचे भाषांतर लागते. इंग्लंडचा नियम स्पष्ट आहे: भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळते असे भाषांतरकाराने लिहून द्यावे, आणि त्यावर तारीख, त्याचे पूर्ण नाव, स्वाक्षरी व संपर्काचा तपशील असावा. दुसऱ्या देशासाठीही मी याच पद्धतीने करून घेतो. मूळ कागद आणि भाषांतर एकामागे एक लावावे.

युरोपात तीन-चार देश पाहायचे आहेत. अर्ज कोणाकडे करावा?

शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस समान असतील तर जेथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो, पण आपल्या भागातून जाणाऱ्याने दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला असावा.

फोटो आणि बोटांचे ठसे यांत काय चुकते?

‘पासपोर्ट साइज’ एवढेच सांगून फोटो काढू नये. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच चौरस लागतो, शेंगेन देशांना ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटो सहा महिन्यांच्या आतील असावा, अमेरिकेसाठी चश्मा काढावा, आणि स्टुडिओवाल्याला चेहरा उजळू नका, सुरकुत्या पुसू नका असे बजावून सांगावे.

ठशांची अडचण आमच्याकडे फार येते आणि तिच्याविषयी कोठे लिहिलेले दिसत नाही. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची टोके चिरतात. महिनाभर वेचणी केलेल्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला दिसतच नाहीत. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा लागत नाही. म्हणून ठशांची तारीख शक्यतो वेचणीच्या हंगामात घेऊ नये. घ्यावीच लागली तर आधी आठ-दहा दिवस शेतातले काम थांबवावे, रोज रात्री हाताला खोबरेल तेल लावावे, मात्र ठसे देण्याच्या दिवशी हात स्वच्छ धुऊन कोरडे ठेवावेत. लग्नसराईत मेंदी लावू नये. जखम असेल तर ती भरेपर्यंत तारीख पुढे ढकलणे बरे.

अमेरिकेचा अर्ज स्वतः भरता येतो का?

येतो. डीएस-१६० हा अर्ज इंग्रजीत आणि केवळ ऑनलाइन भरायचा असतो. पूर्ण नाव आपल्या लिपीत लिहिण्याचा एक रकाना मात्र त्यात असतो, तेथे ते देवनागरीत लिहावे. सुमारे २० मिनिटे काहीच केले नाही तर पान बंद होते, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात हे लक्षात ठेवावेच लागते. सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक वहीत उतरवून घ्यावा आणि प्रत्येक पानानंतर जतन करावे. आई-वडिलांची जन्मतारीख माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हा पर्याय आहे. अंदाजाने तारीख टाकू नये. अर्ज भरायला कोणी मदत केली का असा प्रश्न शेवटी येतो. पुतण्याने केली असो वा माझ्यासारख्या केंद्रचालकाने, ते नाव लिहावे. पूर्ण झालेल्या अर्जाच्या पावतीवरील बारकोड क्रमांक आणि मुलाखतीच्या नोंदणीतील क्रमांक एकच असला पाहिजे.

व्यवसायाच्या रकान्याविषयी माझ्या घरचा अनुभव सांगतो. माझ्या आईचा पहिला अर्ज आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका एजंटाकडून भरून घेतला. बाई आहे, वय झालेले आहे, एवढे पाहून त्याने ‘गृहिणी’ लिहिले. आईच्या नावे सव्वादोन हेक्टर जमीन आहे आणि वडील गेल्यापासून पऱ्हाटी आणि तूर तीच पाहते, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही भरलेला अर्ज वाचून पाहिला नाही. मुलाखतीत तिला काय करता असे विचारल्यावर तिने शेती करते म्हणून सांगितले. अर्जात एक, तोंडी दुसरे. तिला नकाराचा कागद मिळाला. पुढच्या वर्षी मी स्वतः तिच्याजवळ बसून अर्ज भरला, व्यवसायात शेती निवडली, वर्षाचे पीक आणि उत्पन्न जसे होते तसे लिहिले, पहिला नकारही लिहिला, आणि या वेळी व्हिसा मिळाला. त्या दिवसापासून अर्जदाराला शेजारी बसवल्याशिवाय मी कोणाचाही अर्ज भरत नाही.

मुलाखत मराठीत देता येते का, आणि मुंबईला किती दिवस लागतात?

विदर्भ मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तुटक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी केव्हाही बरी. ठसे आणि फोटो यांसाठी एक तारीख आणि मुलाखतीसाठी दुसरी अशा दोन तारखा असतात, त्यामुळे किमान तीन दिवसांची तयारी ठेवावी. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी पोहोचेल आणि तेथूनच थेट मुलाखतीला जाऊ, असा हिशोब करू नये. आदल्या दिवशीच पोहोचावे. मोबाईल आत नेता येत नाही, तो ठेवायची सोय बाहेर करून जावे.

उत्तरे पाठ करू नयेत. किती दिवस जाणार, मुलगी कोठे राहते, जावई काय करतात, तुमच्या मागे शेत कोण पाहणार, एवढ्याची खरी आणि थोडक्यात उत्तरे द्यावीत. बाळंतपणासाठी जात असाल तर तसेच सांगावे. अधिकारी पुष्कळदा एकही कागद मागत नाही; त्याने अर्ज आधीच वाचलेला असतो.

खर्च मुलगा करणार आहे. मग आमचे कागद कशाला?

मुलाचे निमंत्रणपत्र, नोकरीचे पत्र आणि बँक विवरण खर्चाचा प्रश्न सोडवतात. परत येण्याचा प्रश्न तुमच्याच कागदांनी सुटतो. शेत, घर, मागे राहिलेला दुसरा मुलगा, निवृत्तिवेतन, हे सारे येथे आहे आणि ते अर्जात दिसले पाहिजे.

एजंटाकडे काम द्यावे का?

टंकलेखनासाठी द्यायला हरकत नाही, पण भरलेल्या अर्जाची प्रत मराठीत समजावून घेतल्याशिवाय तो दाखल करू देऊ नये, कारण स्वाक्षरी तुमची असते आणि चुकीची जबाबदारीही तुमची. ‘व्हिसाची हमी’ देणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. खोटे बँक विवरण किंवा नोकरीचा बनावट दाखला जोडल्याचे उघड झाले तर इंग्लंड दहा वर्षे, कॅनडा पाच वर्षे आणि ऑस्ट्रेलिया तीन वर्षे दार बंद करू शकतो. अमेरिकेत ही अपात्रता कायमची असू शकते. एजंट दुसरे गिऱ्हाईक शोधतो, मुलाचे शिक्षण मात्र तेथेच थांबते.

आखातात कामाला जायचे आहे. वेगळे काय लागते?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे ‘स्थलांतर तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत यांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी भारत सरकारची स्थलांतर मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर कामाचा करून देतो’ असे कोणी म्हणाला तर जाऊ नये. त्या व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे, आणि पासपोर्ट मालकाच्या ताब्यात गेल्यावर गावाकडून कोणी काही करू शकत नाही.

आधी नकार मिळाला आहे. तो लिहावा का, आणि पुन्हा अर्ज केव्हा करावा?

प्रश्न विचारलेला असेल तर लिहावाच. जुन्या नोंदी त्यांच्याकडे असतात. पुन्हा अर्ज करायला अमेरिकेत ठरावीक काळ थांबावे लागत नाही, पण शुल्क पुन्हा भरावे लागते. पर्यटक व्हिसासाठी ते १७ जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि नकार मिळाला तरी परत मिळत नाही. शेंगेन देश नकाराची कारणे छापील नमुन्यावर खूण करून देतात, तो कागद शांतपणे वाचावा. पहिल्या अर्जातले काहीही बदललेले नसताना तोच अर्ज पुन्हा टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

तिकीट आधी काढावे का?

आरक्षणाची प्रत मागितली असल्यास रद्द करता येईल असे आरक्षण करावे. पूर्ण पैसे भरून तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढावे.

व्हिसा आल्यावर काय तपासावे?

पाकीट उघडल्याबरोबर, पेढे आणण्याच्या आधी, नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग ही चार ठिकाणे बोट ठेवून वाचावीत. शेंगेनच्या व्हिसावर वैधतेच्या तारखा आणि राहण्याचे दिवस वेगवेगळे छापलेले असतात: तारखांमध्ये दोन महिन्यांचे अंतर असले आणि दिवस २० लिहिलेले असले तर २० दिवसच राहता येते. प्रवेश एकदाच की अनेकदा हेही पाहावे. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक वेळी किती दिवस राहायचे ते तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत दिसते. मुलाला ती पोहोचल्याच्या दिवशी ऑनलाइन पाहून कागदावर लिहून ठेवायला सांगावे. व्हिसावर एका अक्षराची जरी चूक दिसली तरी प्रवासाला न निघता आधी त्याच कार्यालयाला कळवून ती दुरुस्त करून घ्यावी.